गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचचा ‘कॅप्टन’ कसा घडतो?

गेटवे ऑफ इंडियावरून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलं की आपलं लक्ष सीगल पक्ष्यांकडे असतं, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे. साधारण १० किलोमीटरचा हा प्रवास तासाभराचा. वाटेत तेलवाहू जहाजं नांगर टाकून उभी असतात, नौदलाच्या नौका जात-येत असतात, न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघालेली कंटेनरची अजस्र जहाजं दिसतात आणि या सगळ्यांच्या मधून मासेमारी बोटी वाट काढत असतात.

या गर्दीतून आपल्याला सुखरूप नेणारा माणूस सुकाणूच्या मागे उभा असतो. त्याला आपण क्वचितच पाहतो. एसटी चालवायला लायसन्स आणि बॅज लागतो, हे आपल्याला माहीत असतं. लाँच चालवायला काय लागतं? हे काम कुठे शिकवतात? आणि परीक्षेत नेमकं काय विचारतात? समजून घेऊ.

‘कॅप्टन’ म्हणजे नेमका कोण?

छोट्या प्रवासी बोटींवर ‘कॅप्टन’ हा शब्द पर्यटक वापरतात. धक्क्यावर ऐकू येतात ते शब्द वेगळे आहेत. मासेमारी बोटीचा प्रमुख म्हणजे तांडेल. लाँच किंवा बार्जवरचा प्रमुख म्हणजे सारंग किंवा मास्टर. इंजिन सांभाळणारा तो ड्रायव्हर आणि दोर टाकणं, नांगर उचलणं, प्रवाशांना हात देऊन उतरवणं ही कामं करणारे खलाशी.

म्हणजे लाँचवर ‘ड्रायव्हर’ हा बोटीची दिशा ठरवणारा माणूस नसतो. तो इंजिनवाला असतो. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

‘सारंग’ हा शब्द फारसीतल्या ‘सरहंग’वरून आला. त्याचा अर्थ सेनानायक. इंग्रजांच्या काळात तो ‘सेरांग’ म्हणून कायद्याच्या पुस्तकात गेला. केरळात आजही बोटीच्या प्रमुखाला ‘स्रांक’ म्हणतात. शब्द तोच, फक्त किनाऱ्याप्रमाणे उच्चार बदलला.

कायदा काय सांगतो?

नद्या, खाड्या आणि बंदराच्या आतल्या ठरवून दिलेल्या पाण्यात चालणाऱ्या यांत्रिक बोटींना ‘अंतर्गत जलवाहतूक नौका’ मानलं जातं. त्यांच्यासाठी १९१७ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ लागू होता. त्याची जागा ‘अंतर्देशीय नौका कायदा, २०२१’ने घेतली. हा नवा कायदा ७ जून २०२२ पासून अमलात आला.

जुन्या कायद्यात डेकवरच्या माणसासाठी तीन पायऱ्या होत्या: सारंग, द्वितीय श्रेणी मास्टर आणि प्रथम श्रेणी मास्टर. इंजिन सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी शिडी होती. नव्या व्यवस्थेतही हे तत्त्व कायम आहे. बोट जितकी मोठी आणि इंजिन जितकं ताकदवान, तितकं वरच्या श्रेणीचं प्रमाणपत्र लागतं. डेक आणि इंजिन यांची प्रमाणपत्रंही वेगळीच राहतात.

नव्या कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे देशभर एकसारखी मान्यता. आधी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. आता एका राज्यात मिळवलेलं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातही चालतं.

महाराष्ट्रात बोटींची नोंदणी, तपासणी आणि या प्रमाणपत्रांचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ म्हणजेच मेरिटाइम बोर्ड पाहतं. गोव्यात ते काम ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्स’ या खात्याकडे आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या पाण्यापुरतंच आहे. त्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं व्यापारी जहाज चालवायचं असेल तर मार्ग वेगळा. तिथे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचे नियम लागतात. अशा जहाजांसाठी ‘निअर कोस्टल व्हॉयेज’ म्हणजे किनाऱ्यालगतच्या सफरींची स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत.

सुरुवात खलाशी म्हणूनच

गाडी चालवायला शिकायचं तर आपण थेट स्टिअरिंगवर बसतो. बोटीत तसं होत नाही. सारंग व्हायचं तर आधी खलाशी म्हणून पाण्यावर दिवस काढावे लागतात. परीक्षेला बसण्याआधी किती सेवा झाली आहे, हे दाखवावं लागतं. यालाच ‘सी टाइम’ म्हणतात.

ही अट जगभर आहे. अमेरिकेत जास्तीत जास्त सहा प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटीच्या कॅप्टनला तिथल्या कोस्ट गार्डचा परवाना लागतो. गमतीने त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. फक्त सहा प्रवासी, तरीही त्यासाठी बोटीवरचे ३६० दिवस दाखवावे लागतात आणि त्यातले काही दिवस अलीकडचे असावे लागतात. वाहतुकीच्या नियमांच्या पेपरात तिथे ९० टक्के मिळाले तरच माणूस पास होतो.

आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण अनुभवाची नाही, अनुभवाच्या नोंदीची आहे. समजा, एक मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षापासून वडिलांच्या बोटीवर जातोय. कुठे खडक आहे, कुठे गाळ साचलाय, ढग कुठून आले की वारा फिरतो, हे त्याला पाठ आहे. पण दहा वर्षांच्या या कामाचा एकही कागद त्याच्याकडे नाही. परीक्षेच्या अर्जावर हा अनुभव शून्य ठरू शकतो.

म्हणून जाणती माणसं नव्या पोरांना पहिला सल्ला हाच देतात: ज्या बोटीवर काम कराल तिचं नाव, नोंदणी क्रमांक, तुमचं काम आणि तारखा लिहून ठेवा. बोट सोडताना मालकाकडून सेवेचा दाखला घ्या. पाच वर्षांनी मालक बदललेला असतो, बोट विकलेली असते आणि दाखला देणारं कोणी उरत नाही.

प्रशिक्षण कुठे मिळतं?

अंतर्गत जलवाहतुकीसाठी देशातली प्रमुख संस्था पाटण्यात आहे. ‘राष्ट्रीय अंतर्देशीय नौवहन संस्था’ असं तिचं नाव. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने ती २००४ मध्ये गंगेकाठी सुरू केली. खलाशाच्या पायाभूत अभ्यासक्रमापासून मास्टरच्या तयारीपर्यंतचे कोर्स तिथे चालतात.

गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांमधून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसमुळे या कामाची जुनी परंपरा आहे. तिथे पणजीजवळ ब्रिटोना इथे कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची मेरिटाइम स्कूल आहे.

महाराष्ट्रात मच्छीमार कुटुंबांतल्या तरुणांसाठी आणखी एक दार आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रं वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशा ठिकाणी आहेत. तिथे नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनची देखभाल यांचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. शिक्षणाची अट अगदी कमी आहे, पण पोहता यायला हवं. मासेमारीत पुढे जायचं असेल तर कोचीची ‘सिफनेट’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती १९६३ पासून मासेमारी जहाजांचे स्किपर आणि इंजिनवाले घडवते.

हे लक्षात घ्या, की मासेमारी बोटीचं प्रशिक्षण घेतलं म्हणून प्रवासी लाँच चालवायचा अधिकार आपोआप मिळत नाही. पाया पक्का होतो. प्रवासी बोटीसाठीची परीक्षा वेगळी द्यावीच लागते.

डोळे तपासणं इतकं महत्त्वाचं का?

वैद्यकीय तपासणीत सगळ्यात कडक भाग असतो डोळ्यांचा. नुसतं लांबचं दिसून भागत नाही, रंगही ओळखता यावे लागतात. कारण रात्री समुद्रावर दुसरी बोट दिसत नाही, दिसतात फक्त तिचे दिवे.

प्रत्येक यांत्रिक बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. मागे पांढरा आणि पुढे उंचावर आणखी एक पांढरा. समजा, तुमच्या उजव्या हाताला दुसऱ्या बोटीचा लाल दिवा दिसतोय. म्हणजे तुम्हाला तिची डावी बाजू दिसते आहे आणि ती उजवीकडून डावीकडे तुमच्या वाटेवर येते आहे. अशा वेळी बाजू द्यायची जबाबदारी तुमची. तुम्ही वेग कमी करायचा किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जायचं.

लाल आणि हिरव्यात गल्लत करणारा माणूस इथे नेमका उलटा निर्णय घेईल. म्हणून ही तपासणी.

परीक्षेत काय विचारतात?

लेखी आणि तोंडी परीक्षेचा भर साधारण पाच विषयांवर असतो.

पहिला विषय म्हणजे वाहतुकीचे नियम. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं. एक छोटा भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळतोय’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘इंजिन रिव्हर्समध्ये आहे’ आणि पाच म्हणजे ‘तुझा इरादा मला कळत नाहीये’. अरुंद मार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडवायची नाही. ३०० मीटर लांबीच्या जहाजाला आपल्यासाठी पटकन थांबता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

दुसरा विषय आहे भरती-ओहोटी. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग. हे कोळीवाड्यातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. परीक्षेत मात्र हिशेब मागतात.

त्यासाठी एक जुना आडाखा आहे. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या भागाइतकं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे एकूण ३.६ मीटर पाणी उतरणार असेल, तर पहिल्या तासात फक्त ०.३ मीटर उतरतं, पण मधल्या दोन तासांतच १.८ मीटर उतरतं. ‘आत्ताच तर पाणी होतं’ म्हणणारी बोट गाळात रुतते, ती याच दोन तासांत. भाऊचा धक्का ते रेवस मार्गावरच्या प्रवाशांना हे चांगलं ठाऊक आहे. रेवस बंदरात गाळ साचल्यामुळे ओहोटीला तिथल्या फेऱ्या खोळंबतात.

तिसरा विषय नकाशा, होकायंत्र आणि बोये. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा असतो. जीपीएस असला तरी होकायंत्र वाचता यायलाच हवं. होकायंत्राशेजारी मोबाइल किंवा स्पीकर ठेवला तर सुई चुकीची दिशा दाखवते, हेही शिकवलं जातं.

चौथा विषय बोटीचा तोल. प्रवाशांच्या दृष्टीने हा सर्वात महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर.

पाचवा विषय आणीबाणी. माणूस पाण्यात पडला तर आधी ओरडून सगळ्यांना सांगायचं, लाइफबॉय फेकायचा आणि एका खलाशाने नजर न हटवता त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं. लाटांमध्ये माणसाचं डोकं काही क्षणांत दिसेनासं होतं. ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचं, म्हणजे बोटीची मागची बाजू आणि पंखा त्याच्यापासून लांब जातो. जवळ पोचल्यावर इंजिन न्यूट्रल. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर तीनदा ‘मेडे’ म्हणायचं. बोटीचं नाव, ठिकाण आणि माणसांची संख्या सांगायची. फोनवरून तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

बोट उलटते कशी?

बोट म्हणजे पाण्यावर तोललेला तराजू. वजन जितकं खाली, तितकी ती स्थिर. प्रवासी वरच्या डेकवर गेले की वजन वर सरकतं. लाटेने कललेली बोट पुन्हा सरळ व्हायची ताकद त्यामुळे कमी होते. त्यात सगळे एकाच बाजूला धावले, मग ते डॉल्फिन बघायला असो की लाट चुकवायला, तर बोट कलते. कललेल्या बोटीत माणसं आणखी त्याच बाजूला घसरतात.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. वादळी वारा आणि लाटांमुळे बोट कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असं त्या दुर्घटनेच्या हकिकतींमध्ये येतं.

७ मे २०२३ ला केरळमध्ये तानूर इथे पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती मुळात मासेमारीची बोट होती आणि बदल करून पर्यटकांसाठी वापरली जात होती, हेही नंतर समोर आलं.

१८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी सुरू असताना तिच्यावरचा ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं होतं. १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींमध्ये प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं करण्यात आलं.

तिन्ही घटना वेगळ्या आहेत. नीलकमलच्या वेळी टक्कर दुसऱ्या नौकेमुळे झाली. पण तिन्हींतून प्रशिक्षणासाठी एकच धडा निघतो. संकट कुठून येईल हे सारंगाच्या हातात नसतं. धक्का सोडताना बोटीत किती माणसं आहेत, ती कुठे बसली आहेत आणि त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, हे मात्र त्याच्या हातात असतं.

सगळ्यात अवघड धडा: ‘नाही’ म्हणणं

कागदावर बोटीचा अखेरचा शब्द मास्टरचा असतो. प्रत्यक्षात तो बोटीचा मालक नसतो, पगारी माणूस असतो. सुट्टीचा दिवस आहे, धक्क्यावर रांग लागली आहे, शेवटची फेरी आहे. ‘अजून दहा घे रे, काही होत नाही,’ असं म्हणणारे बरेच असतात. त्यात प्रवासीही असतात. कुटुंबातले चौघे चढले आणि दोघे मागे राहिले, की भांडण सारंगाशीच होतं.

अशा वेळी ‘नाही’ म्हणायला दोन गोष्टी लागतात. एक, नियम माहीत असणं. दुसरी, आपली जागा माहीत असणं. उद्या अपघात झाला तर चौकशीत पहिला प्रश्न मास्टरला विचारला जातो आणि प्रमाणपत्र त्याच्या नावाचं असतं. मालकाने सांगितलं होतं, हे उत्तर तिथे पुरत नाही.

अनुभवी तांडेलाकडे पाण्याचं ज्ञान कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त असू शकतं. प्रशिक्षण त्याला समुद्र शिकवत नाही. वाऱ्याकडे बघून त्याला जे वाटतं, ते हिशेबात आणि नियमात मांडायला ते शिकवतं. ‘मला आज बरं वाटत नाहीये’ एवढ्यावर मालक फेरी रद्द करणार नाही. ‘वाऱ्याचा इशारा आहे, ओहोटीला पाणी कमी पडेल आणि परवान्यापेक्षा बारा माणसं जास्त आहेत’ असं सांगितलं, तर त्याला विचार करावा लागतो.

शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

• आधी पोहायला शिका आणि रंगदृष्टीसह डोळ्यांची तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर डेकचा मार्ग बंद होऊ शकतो, तो आधीच कळलेला बरा.

• कुठल्या पाण्यात काम करायचं आहे ते ठरवा: खाडी आणि बंदर, मासेमारी की किनाऱ्यालगतचं व्यापारी जहाज. तिन्हींची प्रमाणपत्रं वेगळी आहेत.

• नोंदणी असलेल्या बोटीवरच खलाशी म्हणून लागा आणि पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा.

• कोर्सचे पैसे भरण्याआधी त्या संस्थेला संबंधित खात्याची मान्यता आहे का, हे खात्याच्या कार्यालयात किंवा अधिकृत वेबसाइटवर तपासा. ‘महिन्यात कॅप्टन’ बनवून देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. बोटीवरचे दिवस विकत मिळत नाहीत.

• इंजिनची तोंडओळख करून घ्या. मास्टर इंजिन चालवत नसला तरी थंड करणारं पाणी येतंय का, डिझेलमध्ये पाणी गेलंय का, हे त्याला कळायला हवं.

आणि आपण प्रवाशांनी?

पुढच्या वेळी लाँचमध्ये चढाल तेव्हा दोन गोष्टी बघा. परवानगी असलेली प्रवासी संख्या बोटीवर कुठे लिहिली आहे, आणि लाइफ जॅकेट हाताला येईल अशा जागी आहेत की कुलपात. सारंगाने ‘वरच्या डेकवर जाऊ नका’, ‘एका बाजूला उभे राहू नका’ असं सांगितलं तर वाद घालू नका. आणि ‘ही बोट भरली, पुढच्या बोटीने या’ असं त्याने सांगितलं तर अर्धा तास थांबा. ते शिकायला त्याने काही वर्षं घालवलेली असतात.